खारी वीट, गोडी वीट

आमच्या शाळेची भिंत चाटणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी आठवीच्या मुलींना काजं करायला शिकवत होते. खिडकीबाहेर एक उंच, हडकुळा म्हातारा उभा होता. चौकड्याची लुंगी, डोक्याला विणलेली गोल टोपी, कानावर कोळशाचा तुकडा. त्यानं भिंतीवरून तळहात फिरवला, मान वाकडी केली आणि जीभ काढून वीट चाटली. क्षणभर डोळे मिटले, पचकन थुंकला, विटेवर कोळशानं फुली मारली आणि पुढची वीट चाटायला सरकला. मुलींच्या सुया जागच्या जागी थांबल्या. एकीनं विचारलं, "बाई, त्याला घरी जेवायला देत नाहीत का?"

हेडमास्तर कंबरेचा पट्टा सावरत बाहेर गेले. त्यांना कंबरदुखी होती आणि जगातल्या बहुतेक कामांतून ती त्यांना सोडवत असे. "अहो, हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, अजून तीन भिती बाकी हायत," म्हातारा म्हणाला. "तुमी पलीकडून सुरवात करता का?"

हेडमास्तर तसेच परत आले आणि मला म्हणाले, "बाई, छपराच्या दुरुस्तीचं आजपासून तुम्हीच पाहा." अशा रीतीनं मिस्त्री माझ्या वाट्याला आले. गावात त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात त्यांना अरेतुरे करत होते, तोंडानं अहो म्हणत होते. पुढे मनातही अहो म्हणायची सवय लागली, पण ती फार पुढे.

मुळात ते शाळेत आले कसे, हे सांगायला हवं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. खाडीकाठचं आमचं गाव म्हणजे एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मध्ये चिखल. घरं कुडाची नाहीतर चिऱ्याची. विटांची इमारत एकच, आणि ती म्हणजे गोऱ्या साहेबाच्या काळातली मिठाची कोठी. मीठखात्यानं ती सोडली आणि आमच्या हायस्कुलाला मिळाली. हातभर जाडीच्या भिंती, वर सागवानी सहा कैच्या, म्हणजे छपराचा भार तोलणारे लाकडी त्रिकोण, आणि त्यांच्यावर मंगलोरी कौलं. या कैच्यांचे पाय भिंतीत लोखंडी सळयांनी बांधलेले होते, म्हणजे साहेबाच्या काळात होते. पन्नास-साठ वर्षं मीठ पोटात घेऊन बसलेल्या विटांनी ते लोखंड कधीच खाऊन टाकलं होतं. जोराचा वारा सुटला की छप्पर भिंतीवरून किंचित उचलायचं आणि पुन्हा बसायचं. मुलांना त्याची गंमत वाटे. एका जूनमध्ये एका कैचीचा पाय भिंतीवरून चार बोटं सरकला आणि गंमत संपली.

तालुक्याहून ओव्हरसियरसाहेब आले, मान वर करून बघून गेले आणि त्यांचा कागद आला. दिवाळीनंतर शाळेच्या मान्यतेची तपासणी होती. तोवर छप्पर धड झालं नाही तर हायस्कूल खाडीपलीकडच्या गावाला द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. काय करायचं तेही लिहिलं होतं. साहेबांना मायबोलीचं प्रेम फार. इंग्रजी शब्द आला की तो मराठी केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. 'अँकर'चं मराठी करून त्यांनी लिहिलं होतं, "सदर छपराच्या सर्व कैच्या जुन्या भिंतींना मजबूत नांगरून घ्याव्यात."

शाळासमितीचे अध्यक्ष पंचवीस खंडी भात पिकवणारे शेतकरी. त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"बाई, मी पन्नास वर्सं जमीन नांगरली. छप्पर कंदी नांगरला न्हाय. बैल वर चढवाचं कसं?"

मी म्हटलं, मलाही कल्पना नाही. तेव्हा घंटा वाजवणारा शिपाई दारातून म्हणाला, "नांगर होडीला पन असतो." अध्यक्षांचा चेहरा उजळला. सरकारनं होडीवाल्याला बोलवायला सांगितलं आहे, अशी त्यांची खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाडीच्या तोंडाशी मचवे बांधणाऱ्या मिस्त्रींना सांगावा धाडला. साऱ्या पंचक्रोशीत कौलारू छपरं करणारे सुतार पडले होते, पण कागदात नांगर होता. मिस्त्री आले, त्यांनी शिपायाला विचारलं, "होडी खयची?" त्यानं शाळेकडे बोट दाखवलं. त्यांनी आत येऊन वर पाहिलं. आढं, कैच्या, वासे सगळं नीट न्याहाळलं.

"होडी बरी हाय," ते म्हणाले. "फकस्त उलटी हाय."

आणि भिंत चाटायला बाहेर गेले.

चाटण्यात शास्त्र होतं. खारी वीट आणि गोडी वीट अशा त्यांनी दोन जाती केल्या होत्या. खाऱ्या विटेत चुना धरत नाही, ती पिठासारखी सुटत जाते. गोडी वीट अजून शंभर वर्षं बसेल. फुलीवाली काढायची, बिनफुलीची ठेवायची. आठवड्याभरात शाळेतलं प्रत्येक पोर मधल्या सुटीत भिंत चाटू लागलं. "बाई, ही गोडी!" "गप, खारी आहे!" मी छडी घेऊन फिरले, पण कबूल करते, एकदा शाळा सुटल्यावर आजूबाजूला कुणी नाही असं बघून मीही दोन विटा चाटल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एक वीट सुक्या बोंबलासारखी होती आणि दुसरी नुसती मातीची.

लोखंडाचा त्यांना मनापासून तिटकारा. "लोखंड म्हंजे जावई," ते म्हणायचे. "चार दिवस ताठ बसतो, मंग सासऱ्याचा घर खातो." आणि खरोखरच, जुनी सळई जिथे जिथे गंजून फुगली होती तिथे तिथे विटा फुटलेल्या होत्या. स्वतःच्या जावयाचं नि त्यांचं फारसं बरं नव्हतं, हे मला नंतर कळलं, पण लोखंडाविषयीचं मत म्हणून खोटं ठरत नाही.

कैच्यांशी ते बोलत. त्यांना सहा भावजया होत्या आणि कैच्याही सहाच, तेव्हा नावं शोधायचा त्रास त्यांनी घेतला नाही. एका दुपारी वर्गात इतिहास चालू असताना छपरावरून आवाज आला, "खतीजा वाकली! कुल्ल्याखाली टेकू द्या तिच्या!" संध्याकाळपर्यंत ही बातमी खतीजाच्या नवऱ्यापर्यंत, म्हणजे मिस्त्रींच्या धाकट्या भावापर्यंत पोचली. तो तरातरा शाळेत आला. मिस्त्रींनी त्याला शिडीवर चढवलं आणि तिसरी कैची दाखवली. भावानं ती बराच वेळ पाहिली. "वाकलीय खरी," तो म्हणाला आणि गप उतरून घरी गेला.

त्यांचं काम मात्र डोळे दिपवणारं होतं, हे मी शिवणाची बाई असूनही सांगते. ज्याला नीट काज करता येतं त्याला नीट सांधा ओळखता येतो. एका वेळी छपराचा एकच पाय ते टेकूवर उचलून धरत. खाली भिंतीतल्या फुलीच्या विटा काढून टाकत. मग खैराचा हातभर खुंट घेत, त्याच्या खालच्या टोकाला आडवा दांडा असे, जुन्या काळच्या होडीच्या लाकडी नांगरासारखा. तो दांड्यासकट भिंतीच्या पोटात उभा करून भोवती गोड्या विटा चुन्यात चिणायच्या, खुंटाचं वरचं टोक कैचीच्या पायातून आरपार काढायचं आणि त्यावर आडवी पाचर ठोकायची. छपरानं उडायचं मनात आणलंच, तर अर्धी भिंत बरोबर घेऊन उडावं लागेल. एक खिळा नाही. प्रत्येक खुंटाला होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडलेलं. त्या तेलाच्या वासानं महिनाभर आमची शाळा मासळीबाजार झाली होती. ब्राह्मणआळीतली दोन मुलं नाकाला रुमाल बांधून येत, आणि कोळीवाड्यातली मुलं पहिल्यांदाच शाळेत घरच्यासारखी बसत.

आणि एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मिस्त्री होडी मालकाच्या ताब्यात देत तेव्हा त्यांची एक रीत होती. नारळ फुटायच्या आधी ते होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून उभे राहत आणि चारचौघांत, मोठ्या आवाजात होडीचे ऐब सांगत. "उजव्या अंगाला एक फली गाठीची हाय. मागल्या बरगडीचा वांक मनासारखा जमला न्हाय. बाकी काय न्हाय." ऐब पाण्याला कळायच्या आधी मालकाला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एकदा ऐब ऐकून गिऱ्हाईक चक्क निघून गेलं, तेव्हा त्यांनी ती होडी वर्षभर स्वतः वापरली आणि त्या गिऱ्हाइकाच्या दारावरून रोज वल्हवत नेली. पण रीत सोडली नाही. रेवसपासून उरणपर्यंत लोक म्हणत, मिस्त्रींच्या कामात ऐब असेल, खोटं नसेल. तेवढीच त्यांची इस्टेट.

नवरात्र झालं आणि ओव्हरसियरसाहेब येऊन थडकले. बरोबर लाकडी पेटी, पेटीत बारा लोखंडी बोल्ट, हातहातभर लांब, आणि बारा चौकोनी पट्ट्या. प्रत्येक कैचीच्या दोन्ही पायांपासून भिंतीच्या आरपार बोल्ट काढायचा आणि बाहेरून पट्टी लावून चाकीनं, म्हणजे नटानं, आवळायचा, हा त्यांचा नांगर. छपरावर लाकडी पाचरी बघून त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

"साहेब, आधी एक वीट चाटा, मंग बोलू," मिस्त्री म्हणाले.

"मी सरकारी नोकर आहे."

"मंग सरकारी वीट चाटा. ही मीठखात्याचीच हाय."

साहेब तांबडेलाल झाले. त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "बारा पट्ट्या भिंतीवर दिसल्या नाहीत तर दाखला देणार नाही. दाखला नाही तर मान्यता नाही. त्या वेड्याला समजावा." आणि पेटी ठेवून गेले.

आता माझं सांगते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची. आईवडील गेलेले. पेणला भाऊ होता, वहिनी होती आणि वहिनीचा पापडांचा उद्योग होता. हायस्कूल खाडीपलीकडे गेलं तर तिथल्या लोकांची आपली माणसं नोकरीला तयार होती. मला परत भावाच्या दारात जाऊन वहिनीच्या हाताखाली जन्मभर पापड लाटावे लागले असते. आठवीत पोचलेल्या अकरा मुली होत्या, त्यांना कुणी तरीतून पलीकडे पाठवणार नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मुली दुसऱ्यांदा आठवल्या. पहिल्यांदा पापड आठवले.

दुपारी मिस्त्री पडवीत भाकरी आणि सुकट खात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मिस्त्री, बोल्ट लावा."

"बाय, या भितीत लोखंड घातला तर सात वर्सांत फुगंल. भित फोडंल. तुज्या डोक्यावर मी जावई बसवू?"

"सात वर्षांचं मला सांगू नका. मला दिवाळीनंतरचं सांगा. शाळा गेली तर मी पेणला पापड लाटणार आहे."

त्यांचा हात थांबला. "पापड?"

"पापड."

"उडदाचे?"

"उडदाचे, पोह्यांचे, कसलेही! जन्मभर!" आणि मला रडू फुटलं. रडताना माणसाची जीभ सुटते तशी माझीही सुटली. मी म्हटलं, "तुमचा खरेपणा तुम्हाला परवडतो, मिस्त्री. तुमच्या पाठीशी सहा भाऊ आहेत. मला नाही परवडत."

सुकट तशीच ठेवून त्यांनी हात धुतले. दुसरा सबंध दिवस कानस आणि करवत लोखंडावर चालल्याचा आवाज येत होता. वर्गात बोललेलं ऐकू येईना. शाळा सुटल्यावर मिस्त्री माझ्या शिवणाच्या टेबलापाशी आले. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड पुडकं त्यांनी कापडांवर ठेवलं. आत बोल्टांचे कापून काढलेले बारा तुकडे होते.

"घे," ते म्हणाले. "तुजी नोकरी."

हातभर बोल्टाचं जेमतेम चार बोटांचं टोक त्यांनी ठेवलं होतं. ते पट्टीसकट बाहेरून भिंतीत चुन्यानं बसवलं. बाहेरून बारा पट्ट्या, बारा चाक्या, सगळं कसं भक्कम. आत त्या बोल्टांनी काहीच धरलं नव्हतं. जे काय धरलं होतं ते खैराच्या खुंटांनी. मी पुडकं शिवणाच्या कपाटात सर्वांत खालच्या खणात ठेवलं आणि वर लोकरीचे गुंडे रचले. मला सगळं कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय मिस्त्रींनी ठेवलीच नव्हती.

ओव्हरसियरसाहेब आले. शाळेला वळसा घालून त्यांनी बोटानं बारा पट्ट्या मोजल्या आणि प्रसन्न झाले. आत येऊन वर बघितलं. "या पाचरी कसल्या ठेवल्यात अजून?"

"शोभेच्या, साहेब," मिस्त्री म्हणाले.

दाखला मिळाला. मान्यता मिळाली. साहेबांच्या देखरेखीखाली छप्पर नांगरलं गेलं, असं कोरलेली संगमरवरी पाटी अध्यक्षांनी दारावर बसवली. त्या दिवशी पेढे होते, चहा होता, नारळ होता. नारळ हातात घेऊन अध्यक्ष हौसेनं म्हणाले, "मिस्त्री, तुमची रीत हाय ना? सांगा आमच्या छपराचे ऐब."

मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला. मी ओव्हरसियरसाहेबांच्या शेजारी उभी होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ हात तसाच होता.

"मना काय सांगायचा न्हाय," ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर सात वर्षं ते शाळेच्या आवारात आले नाहीत. बाजारात जायचा त्यांचा रस्ता शाळेवरूनच होता, पण ते मिठागराच्या बांधावरून लांबचा वळसा घालून जात, गुडघे दुखत असले तरी. लोक म्हणत, पाटीवर नाव घातलं नाही म्हणून म्हातारा रुसला. मी काही म्हणत नसे. दोन वर्षांनी वैशाखात असं वादळ झालं की बाजारातले पत्रे खाडीत जाऊन पडले. आमच्या शाळेची नऊ कौलं गेली, पण छप्पर तसूभर हललं नाही. "साहेबाचे बोल्ट!" अध्यक्ष येईल त्याला सांगत. मी तेव्हाही काही म्हटलं नाही. पुढे हेडमास्तर कंबरेसकट निवृत्त झाले आणि मी मुख्याध्यापिका झाले. एखाद्या गोष्टीविषयी गप्प राहायची सवय झाली की ती अंगवळणी पडते, आणि लोक तिला भारदस्तपणा म्हणतात.

सात वर्षांनी बरोबर मिस्त्री म्हणाले होते तसंच झालं. प्रत्येक पट्टीखाली पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ आले. पट्ट्यांभोवतीच्या विटा तडकल्या. तालुक्याला आता नवे ओव्हरसियर होते, तरुण, तडफदार. त्यांनी ओघळ पाहिले आणि घाबरूनच गेले. बोल्ट गंजले म्हणजे छपराचा आधार गेला, हा त्यांचा हिशेब, आणि कागदावर तो बरोबरच होता. आठ दिवसांत इमारत रिकामी करा, असा हुकूम लिहिला. दुसरी जागा गावात नव्हती. म्हणजे शाळा बंद. तेव्हा शाळेत त्र्याहत्तर मुली होत्या. या खेपेला मला पापड आठवले नाहीत.

मी मिस्त्रींकडे गेले. खाडीच्या तोंडाशी एका अर्धवट मचव्याच्या सावलीत ते बसले होते. पार वाळून गेले होते.

"मना ठाव हुता तू येशील," ते म्हणाले. "येवडा येळ का लावलास?"

"लाज वाटत होती."

"मना पन," ते म्हणाले आणि टोपी काढून पुन्हा घातली. "पन तू मास्तरीन. तुला शिकवलेला असतो लाज वाटली की काय करायचा. मना कोन शिकवनार?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगल्यांना बोलव. पोरांना बाहेर मैदानात उभी कर. साहेबालाही बोलव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. नवे ओव्हरसियर, अध्यक्ष, समिती, शाळेची मुलं, अर्धा कोळीवाडा आणि खतीजासकट सहाही भावजया. मिस्त्री भावाच्या खांद्यावर हात ठेवून आले. त्यांच्याजवळ हातोडीसुद्धा नव्हती. भावानं धरलेल्या शिडीवरून पहिल्या पट्टीपर्यंत चढले, ती दोन्ही हातांनी धरली आणि हलवून ओढली. ओव्हरसियर ओरडले, "अहो, काय करता! छप्पर येईल!" मुलांनी डोळे मिटले. पट्टी, चाकी आणि चार बोटांचं गंजकं टोक मिस्त्रींच्या हातात आलं. छप्पर होतं तिथेच होतं. त्यांनी ते लोखंड जमिनीवर टाकलं आणि दुसऱ्या पट्टीकडे गेले. पाचव्यापर्यंत कुणी श्वास सोडला नाही. सहाव्यापासून मुलं मोजायला लागली, "सात! आठ!" बारावं लोखंड जमिनीवर पडलं तेव्हा मैदानात टाळ्या पडल्या. ओव्हरसियर शिडीवरून वर गेले, एकेक पाचर हातानं, मग पायानं तपासली आणि बऱ्याच वेळानं खाली आले.

मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला. "या छपराचा एक ऐब हाय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "बोल्ट खोटे हायत. छप्पर खरा हाय. सात वर्सं सांगितला न्हाय, तो दुसरा ऐब. तो माजा."

ओव्हरसियरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. छप्पर मजबूत, ते त्यांना कबूल होतं. तसा दाखला ते देणार होते. "पण ही सरकारची फसवणूक आहे," ते म्हणाले. "मला हे कागदावर घ्यावंच लागेल. कुणाच्या सांगण्यावरून केलंत हे?"

मी रात्रभर मनाशी घोकलं होतं. पुढे झाले आणि म्हटलं, "माझ्या. मी गळ घातली म्हणून त्यांनी केलं. कापलेले तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मुलीसुद्धा माझ्याकडे बघत राहिल्या. नोकरी जाणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही.

"बाय खोटा बोलते," मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी होडीतली एक गाठ लपवली नाही, ते मिस्त्री दोनशे माणसांसमोर सरळ चेहऱ्यानं सांगत होते, "तिची माया हाय माज्यावर, म्हनून बोलते. तुकडे मीच टाकून गेलो, तिनी शिवनाला वजन म्हनून ठेवले असतील. अवो साहेब, बाईमानसाला लोखंडातला काय कलता?"

सगळे खो खो हसले. अध्यक्ष हसले, ओव्हरसियर हसले, भावजयाही हसल्या. बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं! याच्याइतकं पटण्यासारखं दुसरं काही त्या मैदानात कुणी कधी बोललं नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं, तर मिस्त्रींना एकाएकी मोठा खोकला आला, आणि मी गप्प होईपर्यंत तो थांबला नाही. ओव्हरसियरांनी कागदावर मिस्त्रींचं एकट्याचं नाव घेतलं. यापुढे यांना सरकारी काम देऊ नये, असंही लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर मिस्त्री म्हणाले, "सरकार मचवे बांधतो काय?" आणि शाळेसमोरच्या सरळ रस्त्यानं, भावाच्या खांद्यावर हात ठेवून, घरी गेले.

मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मला शाल मिळाली आणि माझ्या सचोटीवर तीन भाषणं झाली. मिस्त्री तेव्हा हयात नव्हते. गावात अजून सांगतात की मिस्त्रींनी सरकारला फसवलं. काही कौतुकानं सांगतात, काही तसं नाही. लोखंडाचं खोटं सात वर्षांत उघडं पडलं. 'बाय खोटा बोलते' हे त्यांनी तोंडानं बोललेलं एक वाक्य मात्र अजून तसंच पक्कं बसलं आहे. त्याला कुणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही. आज लावते आहे. मला सगळं माहीत होतं.